हजेरीपट

तिच्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही.
शाळेत असताना पहिल्यांदा पाहिली मी ती,
किसुमूत, चर्चमागच्या हॉलमध्ये.
पोलिसाच्या दंडुक्यानं मोडलेली,
मग कुणी नीट न बसवलेली.
आम्ही मुली रांगेनं जाऊन तिला हात लावून आलो
आणि घरी गेल्यावर
आपापली करंगळी वाकवून पाहिली.

म्वालिमू हेलिदा.
म्वालिमू म्हणजे शिकवणारी.
'हक्क' हा शब्द तिनंच शिकवला आम्हांला,
फळ्यावर गोल, ठाम अक्षरात लिहून
खाली दोन रेघा मारून.

आता मी तिच्या ऑफिसात आहे. चौदा महिने झाले.

त्या दिवशी सरोवराकाठचं हॉटेल.
बाहेर जलपर्णी इतकी दाट
की बगळे पाण्यावर चालत होते.
आत कार्यशाळा, भिंतीवर फलक:
'काठावरून उठवलेल्या मासेवाल्यांचा आवाज'.
आवाज मागच्या खुर्च्यांवर बसला होता,
अंगाला सुक्या ओमेनाचा वास,
आणि एसीनं त्याला हुडहुडी भरली होती.

मी दारात, हजेरीपट घेऊन.
एकतीस बायका आल्या. मी मोजल्या.
चहाच्या वेळी पुन्हा मोजल्या.
एकतीस, आणि एक तान्हं.
प्रवासखर्च कागदावर पाचशे शिलिंग,
हातावर दोनशे.
संध्याकाळी कागद माझ्याकडे फिरून आला तेव्हा
नावं शहात्तर झाली होती.
खालच्या सगळ्या सह्यांचं वळण एकच.
गोल. ठाम.
मी ते कुठंही ओळखलं असतं.

ओडुओर बोलला. आमच्यात तोच बोलतो.
सोमवारच्या बैठकीत, सगळ्यांदेखत:
"म्वालिमू, ही पंचेचाळीस माणसं राहतात कुठं?"

ती रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.
चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला.
"पोरा, तुझा पगार कुठून येतो, वाटतं तुला?
देणारे कार्यशाळेला देतात.
भाड्याला देत नाहीत, डिझेलला देत नाहीत,
कोठडीतल्या पोराच्या वकिलाला तर नाहीच नाही.
मी तुमच्या वयाची होते तेव्हा…"
आणि वाक्य अर्धं सोडून
तिनं हात टेबलावर ठेवला.
उजवा.

त्या करंगळीपुढे कोण काय बोलणार?
मी खिडकीतून खाली बघत राहिले.
तिची नवी गाडी उभी होती.
डिझेलचीच.

ओडुओरचं कंत्राट जूनमध्ये संपलं.
निरोपाच्या पत्रात त्याचं तोंडभर कौतुक.
हल्ली तो मोटारसायकलवर भाडी मारतो.
कधी मला फुकट सोडतो ऑफिसच्या फाटकापर्यंत
आणि वाटेत काही म्हणजे काही विचारत नाही.

परवा मी नेरेआला शोधत काठावर गेले.
ती डब्यानं ओमेना मापत होती.
म्हटलं, तुम्हांला एक सांगायचंय, त्या दिवशीचे तीनशे…
तिनं मान वर केली नाही.
"पोरी, जन्म गेला मोजून विकण्यात.
दोनशे आणि पाचशे यांतलं अंतर
तू सांगणार मला?
माझा नवरा आत होता तेव्हा
हेलिदा तीन रात्री चौकीच्या पायरीवर बसली.
सही मागितली नव्हती तिनं.
ते तीनशे मी त्या हेलिदाला दिले, असं धरते.
पण तू दारात उभी होतीस, कागद घेऊन.
तुला कशाचे द्यायचे?"

डब्यावरची शीग तिनं तळव्यानं उतरवली,
गिऱ्हाईक मी नव्हतेच.

तिचा तिरस्कार करता आला असता
तर झोप लागली असती.
रात्री वही काढली.
लिहिलं: एकतीस.
खाली दोन रेघा मारल्या.

पेन्सिलीनं.